सव्विसावं नाव

"थांबा काका, गुडघ्यांखाली हे घ्या," असं म्हणत शिवणताईनं चिंध्यांची गादी नेहमीसारखी खड्ड्याच्या कडेला टाकली. मी तिच्याकडे न बघता त्यावर गुडघे टेकले.

सळईनं लोखंडी झाकण उचललं. आत बोटभर पाणी, एक गोगलगाय आणि मीटर. फडक्यानं काच पुसली, रीडिंग वहीत लिहिलं आणि त्याच्यापुढे पेन्सिलीनं बारीक खूण केली. हे सगळं मी गरजेपेक्षा सावकाश करत होतो. तेवढ्यात ती आत निघून जाईल अशी आशा होती. ती गेली नाही.

तीन दिवसांपूर्वी तिला पत्र आलं होतं. तिचा एकुलता एक मुलगा आघाडीवर मारला गेला. हाडं मोजून घ्यावीत असा सडपातळ पोरगा, म्हणून आम्ही सगळे त्याला सुतळी म्हणायचो. त्याचं खरं नाव फक्त दोनच ठिकाणी वापरात होतं, सैन्याच्या कागदावर आणि आमच्या चर्चमधल्या यादीत. शिवणताईच्या गळ्यात मापाची फीत लोंबत होती. शिवायला काही घेतलेलं दिसत नव्हतं, सवयीनं अडकवली असावी.

"काका, एक विचारू?"

"विचार ना."

"त्या रविवारी मी उपासनेला नव्हते. ताप होता मला. पत्रात लिहिलंय की रविवारीच झालं, सकाळी दहाच्या सुमारास. दहाला तुम्ही यादी वाचता ना?"

"दहा-सव्वादहाला."

"म्हणजे तो गेला तेव्हा सगळी मंडळी त्याचं नाव घेत होती." फीत तिनं बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. "वाचलंत ना त्याचं नाव?"

"वाचलं," मी म्हणालो.

"शवपेटीबिटी काही येणार नाहीये म्हणे. नाही तर नाही. एकटा नव्हता ना तो, तेवढं मला पुरे आहे."

झाकण बसवताना माझं बोट चेमटलं. बरं झालं असं वाटलं.

एकतीस वर्षं मी पाणीखात्यात मीटर रीडिंग घेतोय. आमच्यातले काही हुशार लोक चहाच्या टपरीवर बसून, मागच्या महिन्यात थोडी भर घालून आकडे ठोकून देतात. मी मात्र प्रत्येक झाकण उचललं. कुत्री अंगावर आली, विंचू निघाले, एकदा तर बेडकानं थेट तोंडावर उडी मारली, पण न बघता कधी लिहिलं नाही. साहेब लोक मला अडाणी समजतात. मला त्याचा थोडा गर्वच आहे, कबूल करतो. आणि त्याच तोंडानं मी एका आईला न वाचलेलं वाचलं म्हणून सांगितलं होतं.

मीटरवरून घर कळतं. बाळ झालं की आकडा चढतो, मुलगी सासरी गेली की उतरतो. घर सोडून माणसं पळाली की चक्री जागच्या जागी उभी राहते. लढाई सुरू झाल्यापासून अशा उभ्या चक्र्या माझ्या वहीत वाढत चालल्या होत्या. बायको गेली त्या महिन्यात आमच्याच मीटरवर चार युनिटं जास्त आली. शेजाऱ्यांना माझं रडणं ऐकू जाऊ नये म्हणून मी स्वयंपाकघरातला नळ सोडून बसायचो. तेही रीडिंग मी जसंच्या तसं लिहिलं.

बायको माझी थट्टा करायची. "अहो, तुमची प्रार्थना म्हणजे मीटरचं रीडिंग. झाकण उघडलं, आकडा सांगितला, झाकण लावलं. देवाजवळ दोन मिनिटं बसलात तर काय बिघडेल?" मी म्हणायचो, देवाला पुष्कळ कामं आहेत. तिच्यामागे घरात प्रार्थना अशी राहिली नाही. जेवायच्या आधी चार शब्द पुटपुटायचे आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे न बघता जेवायचं.

लढाई लागली तेव्हा पाळकसाहेबांनी मला बोलावलं. मंडळीतली जी मुलं आघाडीवर आहेत त्यांची नावं दर रविवारी मोठ्यानं वाचायची ठरलं होतं. "तुमचा आवाज सपाट आहे," ते म्हणाले. "तुम्ही वाचलंत तर आया रडणार नाहीत." यात कौतुक किती होतं कोण जाणे, पण मी हो म्हटलं. एक्केचाळीस नावं होती. आया तरी रडायच्याच.

त्या रविवारी पंचविसावं नाव वाचून झालं आणि डोक्यावरून विमानं गेली. छप्पर थरथरलं. सगळ्यांबरोबर मीही वर बघितलं. विमानं पुढे निघून गेली तसे लोक "प्रभू, तुझे आभार" म्हणाले. पुढे म्हणजे कुणाच्या डोक्यावर, हे कुणी विचारलं नाही, मीही नाही. मग मी बोट पुन्हा कागदावर टेकवलं ते सत्ताविसाव्यावर.

खाली बसताक्षणी मला ते कळलं होतं. आकड्यांमध्ये आयुष्य घालवलेल्या माणसाला कळतंच. पण गीत सुरू झालं होतं, पेटीवाल्या बाईनं सूर धरला होता. मध्येच उठून "थांबा, एक राहिलं" म्हणायची मला लाज वाटली. देवाला ठाऊक आहेच, असं मनात म्हणून मी गीताचं पुस्तक उघडलं. चूक विमानांमुळे झाली असेल. पण गप्प बसलो तो मी, माझ्या लाजेखातर.

शिवणताईकडचं रीडिंग घेऊन झाल्यावर त्याच दिवशी मी चर्चमध्ये गेलो. पाळकसाहेब शिडीवर चढून खिडक्यांना काळा कागद लावत होते, विमानांना उजेड दिसू नये म्हणून. मी शिडी धरली.

"त्या रविवारी एक नाव माझ्याकडून राहिलं," मी खालूनच सांगितलं. "सुतळीचं."

वर कात्री थांबली. ते सावकाश खाली उतरले, हात पुसले. "देव काय आपली यादी बघून माणसं वाचवतो का हो?"

"नाही ना? मग आपण वाचतो कशाला?"

"आपल्यासाठी. आपण कुणाला विसरू नये म्हणून."

"मी तर विसरलो."

त्यांनी उरलेल्या काळ्या कागदाची घडी घातली. उत्तर दिलं असतं तर मी भांडलो असतो.

"आणि ज्यांच्याशी आपण लढतोय, त्यांच्याकडेही चर्च असेलच की," मी म्हणालो. "तिथेही माझ्यासारखा कुणी म्हातारा चष्मा सावरत नावं वाचत असेल. दोन्ही याद्या एकाच बापाकडे जाणार. त्यानं करायचं काय?"

"हे मीही विचारतो त्याला," पाळकसाहेब म्हणाले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा ते मला दमलेले दिसले. "एक ऐका माझं. तिला सांगू नका. तिच्याजवळ आता तेवढंच आहे."

मी मान हलवली. घरी येऊन भाकरीचा तुकडा मोडला आणि प्रार्थनेला डोळे मिटले, तर तोंडातून शब्द फुटेना. देवाशी बोलायला जावं तर आधी तो सव्विसावा मुलगा मध्ये उभा. "काका, मी राहिलो" म्हणतोय, तक्रार न करता, लहानपणी रविवारच्या वर्गात मी खाऊ वाटताना म्हणायचा तसा. मी ताटावर ताट झाकून उठलो. त्या आठवड्यात असं रोज झालं.

कुणी मारलं गेलं की त्याच्या नावावर रेघ मारायची आणि मागच्या पानावर ते लिहायचं, अशी आमची रीत. तीन नावं तशी गेली होती. रविवारी सकाळी मी पट्टी घेतली, पेन्सिलीला टोक केलं आणि सव्विसाव्या ओळीशी थांबलो. रेघ मारली नाही.

उपासनेत शिवणताई तिसऱ्या बाकावर बसली होती, अंगावर काळा पोशाख. अख्ख्या गावाचे कपडे शिवणारी बाई, पण स्वतःचा पोशाख घाईनं शिवलेला दिसत होता. खांद्यावर एक टाका सुटला होता. मी वाचायला लागलो. चोवीस. पंचवीस. मग सव्विसावं नाव मी पुरतं, आडनावासकट, मोठ्यानं वाचलं.

बाकं करकरली. पाळकसाहेबांनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. शिवणताईनं मान वर केली. मी उरलेली नावं वाचली आणि खाली बसलो.

बाहेर दाराशी तिनं मला गाठलं. "काका, चुकून वाचलंत का त्याचं नाव?"

हो म्हटलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं. म्हातारा झालाय, विसरला, असं म्हणून लोकांनी सोडून दिलं असतं.

"नाही, ताई. आज मुद्दाम वाचलं. त्या रविवारी चुकून राहिलं होतं."

ती आपल्या पोशाखाचं बटण पिळायला लागली. आपण शिवलेलं बटण असं पिळलं की तुटतं हे तिला कुणी सांगायला नको होतं, तरी पिळत होती.

"म्हणजे तेव्हा कुणीच नव्हतं."

"मी खोटं बोललो तुझ्याशी."

"मग आज खरं का बोललात?"

"मला राहवेना."

"तुम्हाला राहवेना." ती ओरडली असती तर सोसलं असतं. ती हळू आवाजात बोलली. "तुमचं ओझं उतरलं, काका. माझ्या अंगावर टाकून मोकळे झालात."

बटण तिच्या हातात आलं. ते मुठीत धरून ती निघून गेली.

मी मोकळा झालो नाही, पण हे कुणाला सांगणार? पुढचे तीन रविवार तिसऱ्या बाकावरची तिची जागा रिकामी होती. मी यादी वाचत राहिलो, आता प्रत्येक नावापुढे पेन्सिलीनं खूण करत. लोक माझ्याशी नेहमीसारखेच बोलायचे. पाळकसाहेब तर जास्तच गोड बोलायचे. मला मात्र अख्ख्या चर्चमध्ये ती एक रिकामी जागाच दिसायची.

महिना भरला आणि वहीत तिच्या घराचा नंबर आला. तो नंबर मी सगळ्यात शेवटी ठेवला. फाटक उघडून आत गेलो. दार बंद, खिडकी बंद. गादी टाकायला कुणी आलं नाही, आणि का यावं? उघड्या फरशीवर गुडघे टेकले, सळईनं झाकण उचललं, काच पुसली.

लाल चक्री गरगर फिरत होती.

आतून नळाचा आवाज येत होता. बादली भरत असेल म्हणून थांबलो. एक बादली भरायला किती वेळ लागतो हे मला पाठ आहे. चार बादल्यांचा वेळ गेला तरी चक्री फिरतच होती. घरात एकटी बाई, रीडिंग नेहमीच्या दुप्पट. माझ्या पिशवीत खात्यानं दिलेल्या छापील चिठ्ठ्या होत्या, लढाईच्या दिवसांत पाणी वाया घालवू नका म्हणून. वाहता नळ दिसला की एक दारात टाकायची, असा हुकूम. मला माझा स्वयंपाकघरातला नळ आठवला आणि मी पिशवीचं बक्कल लावून टाकलं.

एरवी मी आकडा लिहून पुढे निघालो असतो. त्या दिवशी उठलो नाही. चक्रीकडे बघत मी सुतळीचं खरं नाव मोठ्यानं घेतलं. मागायचं असं काही उरलं नव्हतं, रक्षणही नाही, क्षमाही नाही. ते नाव घेतलं, पुन्हा घेतलं, आणि घेतच राहिलो. बायकोनं सांगितलेली दोन मिनिटं केव्हाच होऊन गेली. गुडघे ठणकायला लागले, मग बधिर झाले.

मग चक्री मंद झाली. एक फेरा, अर्धा फेरा, आणि थांबली. नळाचा आवाजही बंद झाला. मी आकडा लिहिला, खूण केली, झाकण बसवलं आणि भिंतीला धरून कसाबसा उभा राहिलो.

मागे कडी वाजली. दार हातभर उघडलं. शिवणताईचा हात तेवढा बाहेर आला, ओला, बाही कोपरापर्यंत सरकवलेली. त्या हातानं चिंध्यांची गादी पायरीवर ठेवली आणि दार पुन्हा लागलं.

माझं काम झालं होतं. तरी मी गादी उचलली, खड्ड्याच्या कडेला नीट ठेवली आणि पुन्हा गुडघे टेकले.