गिरणीचा तांदूळ

शाळेच्या वाटेवर गुणवंतराव गुरुजींच्या पायातली एक वहाण गळून पडली आणि वर्गात जाऊन उभे राहीपर्यंत त्यांना ते कळलंच नाही. पोरं खुसखुसली. गुरुजीही हसले. दोन महिन्यांपासून पायांना मुंग्या येत होत्या, संध्याकाळी घोटे सुजत होते. आता पाय असून नसल्यासारखे झाले.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी गुडघा ठोकून पाहिला. तो ढिम्म हलला नाही.

"जेवता काय?"

"गिरणीचा तांदूळ. दोन्ही वेळ," गुरुजी जरा तोऱ्यातच म्हणाले.

"तेच भोवलं. गिरणी सगळा कस कोंड्यात काढून टाकते. सुई देतो, पण सुईवर किती दिवस काढाल? हातसडीचा खा, आंबील प्या. तुमचा बाप खात होता ते खा. नाहीतर पावसाळ्यापर्यंत पाय जातील, आणि मग छातीवर येईल."

बाप म्हणजे लटारू. लाल हातसडीचा भात आणि आंबील खाऊन सत्तरीतही सावली गावच्या बाजाराला पायी येणारा. त्या घरात सातवी पास झालेले गुणवंतराव पहिलेच. नोकरी लागली, पगार आला आणि पगाराबरोबर पांढरा भात आला. सावलीत तांदळाची गिरणी सुरू झाली तेव्हा धान घेऊन जाणाऱ्यांत गुरुजी सर्वांच्या पुढे होते. त्याच वर्षी लटारू शेतातल्या लाल तांदळाचं गाठोडं घेऊन लेकाकडे आला. ओसरीवर चार प्रतिष्ठित माणसं बसलेली. गुरुजींनी गाठोडं तिथल्या तिथे गडी नथ्थूच्या हाती दिलं. म्हणाले, "हे आमच्यात आता कोणी खात नाही." म्हातारा पाणी प्यायला आणि उठून गेला. पुन्हा कधी आला नाही. दाराआड उभ्या रुखमाबाईंनी हे सारं पाहिलं होतं. लग्नाआधी मुसळ धरून त्यांच्या तळहातांना घट्टे पडले होते. हातसडीचं आता घरात नको, हे त्यांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

दवाखान्यातून आल्यावर गुरुजींनी बायकोपुढे शब्द टाकला.

"आता? चैतात ब्रह्मपुरीचे पाहुणे आपल्या कमळाले पाहाले येऊन राह्यले. पोरगा कचेरीत कारकून हाये," रुखमाबाई म्हणाल्या. "आंगनात मुसळ वाजलं त लोक काय म्हनतीन? गुरुजीची नोकरी गेली म्हनतीन."

"नथ्थूच्या घरून आणवू थोडा."

"गड्याच्या घरचं खासान तुमी? तो गावभर सांगन."

"माझे पाय चालले, रुखमा."

रुखमाबाईंचे डोळे भरून आले. पण त्या मागे हटल्या नाहीत. "मले काय कमी वाईट वाटून राह्यलं का? पन तुमीच त शिकवलं मले, हे खानारे कोन असतेत ते. पोरीची सोयरीक होऊ द्या. मंग पाहू."

गुरुजींनी स्वतःच्या हाताने घातलेली कडी आता आतून निघत नव्हती.

दुसऱ्या दिवशी चौथीच्या वर्गात आरोग्याचा धडा आला. दरवर्षी येतो तसाच. गुरुजींनी फळ्यावर तांदळाचा मोठा दाणा काढला, त्याच्याभोवती कोंड्याचा थर काढला आणि म्हणाले, "सगळं बळ इथे असतं." मग खुर्चीवर बसले ते घंटा होईपर्यंत उठले नाहीत. उठवतच नव्हतं.

घरी आले ते भिंतीला धरून, तडक मागच्या दाराने गोठ्यात. गिरणीतून परत आलेला कोंडा तिथे टोपल्यात भरून ठेवलेला असे. म्हैस तो खाऊन तुकतुकीत झाली होती. घरात सर्वांत धड प्रकृती तिचीच. गुरुजींनी इकडेतिकडे पाहिलं, मूठभर कोंडा उचलला आणि तोंडात कोंबला. घशाला टोचला. त्यांनी दुसरी मूठ घेतली. कोंड्याला बापाच्या घरच्या भाताचा वास होता. त्या वासाने त्यांना रडू फुटलं. रडत रडत ते चावत राहिले.

मागे बांगड्या वाजल्या. रुखमाबाई दारात उभ्या होत्या. त्या काही न बोलता जवळ आल्या. पदराने त्यांनी गुरुजींच्या मिशीवरचा कोंडा पुसला, डोळेही पुसले. मग हळूच विचारलं, "कोनी पाह्यलं त नाई ना?"

"नाही."

संध्याकाळी कमळाने वाढलेला पांढराशुभ्र भात गुरुजींनी नेहमीसारखा ओसरीवर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत खाल्ला. हात धुवायला मागे गेले तर गोठ्याचं दार अर्धवट लोटलेलं होतं. आत म्हशीच्या शेजारची जागा सारवून घेतलेली, त्यावर पाट मांडलेला. पाटापुढे वाटीत चाळलेला कोंडा, गूळ घालून कालवलेला.

गुरुजींनी आत जाऊन दार लावून घेतलं आणि पाटावर बसले.