बेलदरीच्या बोगद्यातला शेंदूर

मंगळवारी, जिवतीच्या बाजाराच्या दिवशी, सकाळी अकरा वाजता बेलदरीच्या बोगद्यात चाळीसेक गाड्या उभ्या होत्या आणि एकीचंही इंजिन बंद नव्हतं. तसा नियमच होता. बोगदा तेराशे मीटरचा. मधोमध, बिघडलेली गाडी बाजूला घेण्यासाठी, रुंद जागा ठेवलेली. तिथल्या भिंतीवर, शेंदरानं थापलेली, झेंडूच्या माळांत बुडालेली, वीतभर उंचीची डोंगरमाय. तिच्या पोटात एक लाल डोळा मिणमिणत असे. समोर छताजवळ बोगद्याचा सरकारी कॅमेरा.

शेजारी घोंगडीवर गुणवंत महाराज. वर्षभरापूर्वी हा गृहस्थ वरोऱ्यात जुन्या गाड्यांची दलाली करत होता. "इंजिन बंद केलं का माय गाडी धरून ठेवते," तो माईकवरून बजावी. "गाडी चालू ठेवा, शंका बंद करा."

पंधरावीस मिनिटांत लोकांची डोकी ठणकू लागत, पोरं ओकत, एखादी बाई जागीच कोसळे. माय अंगात आली म्हणून बाकीचे हात जोडत. मग महाराज शंख फुंकी. क्षणात छतावरून घरघर उठे, गार वारा सुटे, पडलेले उठून बसत आणि नारळ, कोंबड्या यांचा ढीग पडे. छताला लटकलेले सहा पंखे सगळ्यांना दिसत होते. एकदा कोणीतरी त्यांच्याकडे बोट दाखवलं, तेव्हा महाराज हसला होता. "सरकारी पंखे कधी चालले का भाऊ? ते मायच्या श्वासानं फिरते." हे मात्र सगळ्यांना पटलं.

त्या मंगळवारी गर्दीत आरोग्य उपकेंद्राची जीप अडकली. नर्स रंजीता आठव्या महिन्यातल्या मंगलीला तपासणीसाठी राजुऱ्याला नेत होती. सोबत मंगलीचा सासरा कोलू. रंजीतानं चालक सुनिलला इंजिन बंद करायला लावलं, पण पुढच्यामागच्या गाड्या धूर ओकतच राहिल्या. मंगली म्हणाली, डोकं फुटून राह्यलं. मग ती बोलेनाशी झाली. रंजीतानं तिच्या बोटाला प्राणवायू मोजायचा चिमटा लावला. आकडा अठ्ठ्याण्णव.

महाराज माईक घेऊन जीपपाशी आला. "पाहा. मशीन म्हणते बाई चांगली हाय, आन् बाई तं पडली. हे डॉक्टरचं काम हाय का?" गर्दीनं माना हलवल्या. सुनिलनं उतरून शिव्या घालत वाट मोकळी केली आणि जीप बाहेर काढली.

राजुऱ्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं तेव्हा कळलं. इंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्ताला प्राणवायूच्या जागी चिकटतो. बोटावरच्या चिमट्याला दोघांतला फरक ओळखता येत नाही, म्हणून तो अठ्ठ्याण्णव दाखवत राहतो आणि माणूस गुदमरत राहतो. वायूला वास नाही, रंग नाही. मंगलीला तासन्‌तास प्राणवायू दिला. बाळाचे ठोके सापडले. असं पुन्हा झालं तर बाळाचा भरवसा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं.

आणि महाराजाचा निरोप आला की मंगलीला पुढच्या मंगळवारी मायपुढे तासभर बसवा, नाहीतर डोंगर पोर घेऊन जाईल. मंगलीचा नवरा पोचू घाबरून तयार झाला. रंजीता त्यांच्या घरी तीनदा गेली. पोचू म्हणाला, "बाई, तुमची मशीन चुकली होती ना?" मशीन खरंच चुकली होती.

शेवटी तिनं कोलूला एकच मागितलं. मंगली बाहेर थांबेल, आधी आपण दोघं आत जाऊ. कोलू तसाही अस्वस्थ होता. "आमचं पेन साजाच्या झाडाखाली असते," तो म्हणाला. पेन म्हणजे त्यांचा देव. "हे माय तं रस्त्यासंग आली. आमच्यात कोनीच इले वळखत नाई."

मंगळवारी मंगली आणि पोचू बोगद्याबाहेर जीपमध्ये थांबले. आत गर्दी, धूर, माईक. रंजीतानं सुनिलला सोबत आणलेल्या शिडीवर चढवलं आणि मायसमोरच्या कॅमेऱ्यावर आपली ओढणी टाकायला लावली.

"आता फुका," ती महाराजाला म्हणाली.

त्यानं फुंकलं. वारा नाही. पुन्हा फुंकलं. गाल लाल झाले, छत गप्प. "बाईचा विटाळ झाला," तो ओरडला, आणि चारदोन जण रंजीताच्या अंगावर आले.

तेवढ्यात कोलू पुढे झाला. रंजीताचे वडील कोळसा खाणीत होते. असल्या वायूची धास्ती आणि तो मोजणारी पेटी तिनं लहानपणी पाहिली होती. मायच्या पोटातला लाल डोळा तिनं त्यावरूनच ओळखला होता, आणि शेंदराखाली काय आहे, हे कोलूला आधीच सांगून ठेवलं होतं. कोलूनं कमरेची सुरी काढली आणि मायच्या तोंडावरचा शेंदूर खरवडला. बोटभर जाड खपल्या पडल्या. खाली धातूची जाळी निघाली, जाळीखाली पेटी, पेटीवर आकडा. आकडा शून्य होता. मग सात झाला. मग तीस. मग भराभर चढला.

साठच्या पुढे गेला आणि सहाही पंखे आपोआप गरजले.

वाऱ्यानं माळा उडाल्या. कोलूनं महाराजाकडे पाहिलं. "आता शंख कोनं फुकला?"

पंख्यांचा आवाज ऐकून, बोगद्याच्या तोंडाशी असलेल्या नियंत्रण खोलीत पंखे सांभाळणारा अजय धावत आला, आणि गर्दीच्या तावडीत सापडल्यावर सगळं बोलला. हवा बिघडली की पेटीनं पंखे सुरू करायचे, अशी व्यवस्था. महाराजानं पेटीचं नाक शेंदरानं बुजवलं, तेव्हापासून ती शून्यच दाखवे. कॅमेऱ्यात शंख दिसला की अजय बटण दाबी. कोंबड्यांतला वाटा त्याला मिळे. "सायबाले मालूम होतं," तो म्हणाला. "ते म्हने, पंखे कमी चालले तं विजेचं बिल कमी येते, बरंच हाय." अकरा महिने तपासणीच्या कागदांवर, बोगद्याची देखभाल ज्याच्याकडे होती त्या साहेबाची सही आहे. साहेब एकदाही आत आलेला नाही.

महाराज आता कोठडीत आहे. साहेबाची फक्त बदली झाली. ज्या पेटीनं आपला जीव वाचवायचा तिचाच श्वास आपण भक्तीनं कोंडला, हे मात्र कोणत्याही गुन्ह्यात नोंदवता येत नाही. म्हणून सांगायचं एवढंच: डोकं दुखलं, पोर ओकलं, माणूस पडला, तर आधी हवा तपासा. हात जोडायला नंतर वेळ मिळतो. आणि जो शंका बंद करायला सांगतो, त्याच्यावरच पहिली शंका घ्या.

त्या दिवशी हवा स्वच्छ झाल्यावर मंगलीची जीप बोगद्यातून न थांबता गेली. दोन मिनिटं लागली. कोलू मागे राहून भिंत पुसत होता. माळांच्या आड, शेंदराखाली, त्याला एक पाटी सापडली. पहिल्या दिवसापासून ती तिथेच होती, शुद्ध मराठीत: बोगद्यात थांबू नका. थांबावंच लागलं, तर इंजिन बंद करा.