घराखालचा वारा

अकुलिनावहिनींच्या घराचे दार एप्रिलपासून नीट मिटत नव्हते. पातेल्यातले दूध एका कडेला अधिक आणि दुसऱ्या कडेला कमी दिसे. हे घर माझ्या थोरल्या भावाने बांधले होते. तो गेल्यावर वहिनी केरेचेने नावाच्या एका गाईसह तिथेच राहिल्या. पुढच्या वर्षीच्या शरदात जिल्ह्याहून पाहणी व्हायची होती. घर धोक्याचे ठरले, तर वहिनींना शहरात तिसऱ्या मजल्यावर खोली मिळणार होती आणि गाय विकावी लागणार होती.

"मी राहीन हो मजल्यावर," त्या मला म्हणाल्या. "पण केरेचेनेला जिने कोण चढवणार, भाऊजी? तुम्ही?"

तंत्रविद्यालयात मी इमारतींच्या पायाचे काम शिकलो आणि निवृत्तीपर्यंत तेच केले. आमच्या या उत्तरेच्या मुलखात घर भुईला टेकवत नाहीत, खांबांवर उचलतात. हिवाळाभर खालून वारा फिरतो, घराची ऊब वाहून नेतो, आणि ज्या गोठलेल्या जमिनीत खांब रोवलेले असतात ती गोठलेलीच राहते. वहिनींच्या घराखाली मात्र वारा फिरत नव्हता. चारही बाजूंना फळ्या ठोकून फटी शेणाने लिंपल्या होत्या. काम नेटके होते. ते त्यांच्या जावयाचे, गाव्रीलचे होते.

"सासूबाईंचे गुडघे धरायचे, काका," तो म्हणाला. "रात्रभर कण्हायच्या. म्हणून बंद केलं. आमच्या आजोबांचं घर असंच लिंपायचे. ते कुठे पडलं?"

"तेव्हाची थंडी वेगळी होती."

सप्टेंबर होता. या महिन्यात माती सर्वांत खोलवर विरघळलेली असते, म्हणून जमीन तपासायची ती याच दिवसांत. मी एक फळी काढली, आत वाकलो आणि लोखंडी सळई मातीत दाबली. एरवी कमरेएवढी खाली गेली की ती बर्फावर ठणकन आदळते. इथे ती मुठीपर्यंत गेली आणि आवाज आला नाही. वर काढली तेव्हा टोकाला काळा चिखल होता. त्याला डबक्याचा वास येत होता.

गाव्रीलने नाक दाबले. "काय मेलंय खाली?"

"गवत. मॅमथ चरायचे तेव्हाचं. आजवर बर्फात तसंच पडून होतं. आता कुजायला लागलंय."

वहिनी पायरीवर बसून ऐकत होत्या. मी त्यांना समजेल अशा बेताने सांगितले. उघड्या कुरणातही हेच चालले आहे. जुनी मुळे कुजतात, त्यांतला कार्बन वायू होऊन वर जातो, हवेत साचतो आणि ऊब अडवून धरतो. त्या उबेने आणखी जमीन विरघळते. गाव्रील दर शरदात तळ्याच्या पहिल्या बर्फाला भोक पाडून, काडी लावून जी ज्योत उठवतो, तीही याच कुजण्यातून येते.

"म्हणजे आभाळालाही कोणीतरी फळ्या ठोकल्यात म्हणा," वहिनी म्हणाल्या.

"तसंच काहीसं."

"जावईबापू, तिकडे तर नव्हता ना गेलात हातोडी घेऊन?"

गाव्रील हसला नाही. "मी काय घर पाडायला ठोकल्या होत्या?"

"तसं कोण म्हणतंय?" मी म्हणालो. "पण वहिनी, फळ्या काढल्या तर तुमची जमीन गोठेल आणि तुम्हीही."

त्यांनी दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवले. मग म्हणाल्या, "काढा हो जावईबापू. सरपणाला होतील."

गाव्रीलने त्या आठवड्यातच फळ्या काढल्या. हिवाळ्यात खांबांशी बर्फ साचला की तोच फावड्याने तो दूर लोटत असे, कारण बर्फाचे पांघरूणही ऊब धरते.

जानेवारीत मी गेलो, तेव्हा खोलीच्या लाकडी फरशीतल्या खिळ्यांच्या डोक्यांवर दहिवर गोठले होते. वहिनी फर घातलेले बूट चढवून पलंगावर बसल्या होत्या.

"कशा आहात?"

"केरेचेने बरी आहे. गोठ्यात शेकोटी लागत नाही तिला, स्वतःच शेगडी आहे. मीच तिच्याकडे राहायला जाते दुपारी."

"आणि गुडघे?"

"ते विचारू नका, भाऊजी. चहा घ्या."

पुढच्या सप्टेंबरात पाहणीच्या आदल्या दिवशी मी पुन्हा सळई नेली. गाव्रील शेजारी उकिडवा बसला. छातीएवढी खोल गेल्यावर सळई ठणकन वाजली. सळई माझ्या हातून घेऊन त्याने दुसऱ्या खांबाशी स्वतः रोवली. तिथेही ती वाजली. घर अजून कलतेच होते, आणि दार रंधा मारून बसवावे लागणार होते. मात्र खांब आता धरून होते, आणि पाहणीला येणाऱ्यांना मी तेवढेच दाखवणार होतो.

वहिनी हातात बादली घेऊन आल्या. "काय म्हणते जमीन?"

"घराखालची गोठलेली जमीन वर आली आहे."

"आणि कुरणातली?"

ती मी सकाळीच मोजली होती. "गेल्या वर्षीपेक्षा खाली गेली."

त्यांनी कुरणाकडे पाहिले. गाय तळ्याच्या काठी चरत होती. तो काठ घराच्या बाजूला थोडा सरकला होता.

"आभाळाच्या फळ्या कोण काढणार?" त्यांनी विचारले. एक पाय किंचित ओढत त्या धार काढायला कुरणात उतरल्या.