तांबड्या कुसळांची पिशवी

मी एक जुनी बियाण्याची पिशवी आहे, भाताच्या पेंढ्याने विणलेली. मित्रांनो, माझ्यासारखीने आपली हकीकत सांगावी की नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. वळचणीला टांगलेल्या वस्तूजवळ सांगण्यासारखे काय असणार? पण माझ्याच खिळ्याला, माझ्या पाठीमागे, वसंतात आलेले एक पत्र खोचलेले होते. वारा सुटला की ते सळसळत असे. त्याला उत्तर गेले नव्हते.

पत्र सुनदोकताईचे होते. माझा मालक पिल्सू, त्याची ही थोरली बहीण. तिला खाडीपलीकडच्या गावी दिलेली.

‘पिल्सू, गेल्या साली आमचा बांध फुटला रे. खारं पाणी शेतात शिरलं, नवं भात उभ्याउभ्या करपलं. बाबांचं तांबड्या कुसळांचं बी आहे का तुझ्याकडे? ओंजळभर पाठव. पुढच्या सालापर्यंत काही उगवलं नाही, तर हे शेत सोडावं लागेल.’

ते बी माझ्याच पोटात होते. आणि मी स्वतः त्याच भाताच्या काड्यांची. म्हणून अजूनही, ऊन तापले की मला शेत असल्याची स्वप्ने पडतात. मी शेतात उभी होते त्या साली पाऊस आला नव्हता. समुद्राचे पाणी ओहोळातून गुपचूप वर चढत होते. आम्ही पाने सुरळीसारखी गुंडाळून घेतली आणि पानांवरची बारीक तोंडे मिटली, म्हणजे आतला ओलावा उडू नये. मुळे मिठाला दारातच अडवत होती. तरीही जे आत शिरले, ते खालच्या म्हाताऱ्या पानांनी आपल्यात साठवून घेतले. ती टोकापासून पांढरी पडली, वाळली, गळाली. वर मात्र कोवळे पान हिरवे राहिले, आणि एका सकाळी त्याच्या कुशीतून तांबड्या कुसळांची लोंबी बाहेर आली.

त्या हिवाळ्यात पिल्सूच्या बाबांनी, चुलीच्या धगीने खालून तापलेल्या जमिनीवर मांडी घालून, मला विणले. पुढे कितीतरी वर्षे मी बी सांभाळले. “ही आहे तोवर समुद्राला भ्यायचं नाही,” असे बाबा म्हणत, तेव्हा मला फार संकोच वाटे.

मग नवे भात आले. भरपूर पिकणारे, कुसळे नसलेले. बाबा परसातल्या वाफ्यात आमचे भात लावत राहिले. दोन वर्षांपूर्वी ते गेले, आणि माझ्यावर कोळ्यांनी जाळी विणली.

ताईचे पत्र आले तेव्हा पिल्सूने माझ्यातून मूठभर बी काढले. आमच्याकडे पेरण्याआधी बी मीठपाण्यात टाकून पारखतात. पाण्यात अंडे सोडायचे. ते तरंगून नाण्याएवढे वर दिसू लागले की पाणी तयार. बुडेल ते बी चांगले, तरंगेल ते फोल. पिल्सूने नव्या भातासाठी केलेल्या त्याच पाण्यात आमचे बी टाकले.

सगळे वर तरंगले.

“मेलं हे,” तो हळूच म्हणाला. “बाबांचं बी माझ्या हातून मेलं. आता ताईला काय कळवू?”

“आहे ते कळवा,” त्याची बायको ओकबुन म्हणाली. “वन्सं वाट बघत असतील.”

“लिहितो, लिहितो.”

ओकबुनने ते तरंगलेले बी परसातल्या मोरीपाशी फेकले. उरलेले माझ्यात राहिले. बाबांच्या हातची वस्तू म्हणून मला कोणी रिकामी केली नाही.

उन्हाळा कोरडाच गेला. किमचीच्या लोणच्यासाठी मिठात मुरवलेल्या कोबीचे पाणी ओकबुन त्या मोरीत ओतत राहिली. आणि शरदात एक दिवस तिची हाक ऐकू आली, “अहो, इकडे या आधी! तुमचं मेलेलं बी दाढी वाढवून उभं आहे!”

पिल्सू धावला. मोरीच्या काठी, वाळल्या गवतात, तांबड्या कुसळांच्या लोंब्या डुलत होत्या. त्याने एक दाणा तळहातावर घेतला, कुसळावरून बोट फिरवले.

“अगं, या कुसळांत हवा अडकते, म्हणून चांगलं बीसुद्धा तरंगतं! बाबा याचं पाणी कमी खारट करायचे. अंडं पाण्यातच उभं ठेवायचे, वर येऊ द्यायचे नाहीत. आणि मी हसायचो, की बाबा, अंड्याला पोहायला भीती वाटते का?”

“आता हसणं पुरे,” ओकबुनने डोळे पुसले. “कागद आणा.”

मित्रांनो, उपदेश करण्याएवढी माझी योग्यता नाही. एवढेच मागते, जे तरंगले ते फोल, असे घाईने म्हणू नका. आधी पाणी कोणासाठी केले होते ते पाहा. आणि घरात एखादे जुने बी असेल, तर ते नुसते टांगून ठेवू नका. पेरत राहा.

मोरीकाठचे नवे बी माझ्यातल्या जुन्यावर ओतले गेले. वर घडी घातलेला कागद आला: ‘ताई, बी जिवंत आहे. पाण्यात अंडं वर येऊ देऊ नकोस.’ मग फडक्याची गाठ, आणि टपालकचेरीचे टेबल.

“आत काय आहे, काका?” कारकुनाने विचारले.

“भाताचं बी. जरा उशीर झालाय रे, लवकर जाऊ दे.”

माझ्यावर शिक्का बसला. अंधाऱ्या थैलीत मी इतर पत्रांवर अलगद टेकले. दूर कुठेतरी खारा वारा वाहत होता, आणि माझ्या पोटात कुसळे एकमेकांना घासून कुजबुजत होती.