न आलेलं उत्तर

"उत्तर आलं नाही म्हणजे काम झालंच नाही, असं कधी धरून चालू नकोस. आधी पलीकडे विचार."

अण्णाचा आवाज आठवला आणि स्वरूपाची बोटं कीबोर्डवर थांबली. हैदराबादच्या या ऑफिसात तिला आणलं अण्णानेच, तिच्या मोठ्या भावाने, श्रीशैलमने. काम शिकवलंही त्यानेच. त्याच्या खुर्चीत आता इम्रान बसतो.

इम्रानचा चेहरा उतरला होता. उद्या बतुकम्मा या फुलांच्या सणाचा शेवटचा, मोठा दिवस. सगळ्या लेकी माहेरी निघालेल्या, आणि बसच्या बुकिंगमध्ये एकेकीच्या नावावर दोन-दोन जागा पडत होत्या.

"अक्का, माझं काय चुकलं? आपल्या क्लायंट प्रोग्रॅमने सर्व्हरला सांगितलं, जागा राख. उत्तर नाही. म्हणून पुन्हा सांगितलं."

"पहिल्यांदाच राखली होती सर्व्हरने. उत्तर तेवढं वाटेत हरवलं."

"म्हणजे माझ्या बायकोसारखा. दूध आणून ठेवते, सांगत नाही. मग मी आणखी एक पिशवी आणतो नि वर बोलणी खातो."

स्वरूपा किंचित हसली.

"शेजारच्या खोलीत हाक मारावी तसं आपण दूरच्या सर्व्हरला काम सांगतो रे. मधे रस्ता आहे, हेच विसरतो. निरोप पोचला नाही की उत्तर परतलं नाही, इथे बसून दोन्ही सारखंच दिसतं. प्रत्येक मागणीला नंबर दे. तोच नंबर पुन्हा आला तर सर्व्हरने काम परत करायचं नाही, आधीचंच उत्तर धाडायचं."

"हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"तू बसलायस त्या खुर्चीने."

तो खाली बघत टाइप करू लागला. तिने डबा उघडला. सणाचे हे नऊ दिवस ती एकवेळच जेवायची. पहिला घास हातात घेतला आणि पुन्हा डब्यात ठेवला.

जातीबाहेर लग्न केल्यापासून तिचे वडील, बापू, तिच्याशी बोलले नव्हते. दोन वर्षांपूर्वी, याच मोठ्या दिवसाच्या आदल्या दिवशी, तिने गावी गेलेल्या अण्णाला एवढंच लिहिलं होतं : बापूंना विचार, मी येऊ का? हो म्हणाले तर फुलांची बतुकम्मा माझ्या हाताने रचीन, शब्द देते. रात्र झाली तरी उत्तर नव्हतं. बापू नाही म्हणाले असणार, आणि अण्णाच्याने ते लिहवत नसणार, असं ती समजली. सकाळी बातमी आली. हैदराबादच्या वाटेवर, भुवनगिरीजवळ ट्रक, अण्णाची मोटरसायकल. अंत्यविधीला बापू तिच्याकडे पाठ करून बसले. तेही तिने उत्तरच मानलं होतं.

डबा झाकून ती जिन्यात गेली. वहिनीला फोन लावला.

"वदिना, एक विचारू? अण्णा गेला त्याच्या आदल्या दिवशी तो बापूंशी माझ्याबद्दल बोलला होता का?"

पलीकडे नळ चालू होता. तो बंद झाला.

"असं काय विचारतेस? तुला ठाऊक नाही?"

"नाही."

"अगं, यांनी विचारलं नि मामय्या, तुझे बापू, तेव्हाच टोपली घेऊन बतुकम्मासाठी तंगेडूची पिवळी फुलं आणायला निघाले. जाताना यांना म्हणाले, फोनवर कसलं सांगतोस, पहाटे जा नि पोरीला घेऊनच ये."

स्वरूपाने कठडा धरला.

"मला वाटलं, तो ऑफिसला निघाला होता."

"सणाच्या दिवशी कसलं ऑफिस? तुला माहीत आहे असंच धरून बसलो गं आम्ही. मामय्या तर तुझं नाव निघालं की उठून जातात. मीच धाडलं त्याला, म्हणतात. लेकीला तोंड कसं दाखवू, म्हणतात."



"वदिना, उद्या बतुकम्मा कोण रचणार?"

"कोण रचणार? दोन वर्षं आपलं अंगण रिकामंच आहे."

ती परत आली, तोंडावर पाणी मारून. इम्रानने वर पाहिलं.

"अक्का, झालं बहुतेक. तपासता?"

"तूच तपास. मी निघते."

"कुठे? जागा राखू बसमध्ये? आता एकच पडेल."

"उभी राहून जाईन."

उप्पलच्या बसथांब्यावर म्हातारी फुलवाली टोपल्या आवरत होती. स्वरूपाने तिच्याकडची उरलीसुरली तंगेडूची फुलं पदरात घेतली. गावी कळवावं म्हणून फोन काढला, क्षणभर हातात धरला, आणि तसाच पिशवीत टाकून ती बसमध्ये चढली.