भस्माची वाटी

त्या दुष्काळात जळकोटच्या माळावर गुरांची छावणी पडली आणि तिथे म्हशींच्या कासेवर देवी उठल्या. सडांवर आधी पुरळ, मग फोड, मग खपल्या. दूधसंस्थेचे कॅन अर्धेच भरू लागले. लोक कल्याणप्पांच्या ओसरीवर आले. गावातले कोणतेही दुखणे आधी त्यांच्याच कानी पडत असे.

कल्याणप्पांनी स्नान करून इष्टलिंगाची पूजा केली, लोण्यात भस्म आणि हळद कालवली आणि वाटी घेऊन ते दावणीने निघाले. मंत्र म्हणत अंगठ्याने प्रत्येक सडाला लेप; एकीचे झाले की दुसरी. मध्ये हात धुतला तर अनुष्ठान खंडित होते, ही वडिलांची शिकवण.

"आप्पा, आमच्या म्हातारीला बी जरा लावा," पिराजी म्हणाला, "ती बी जवळ येऊ देत न्हाय."

सगळे हसले. कल्याणप्पाही.

टोकाला बाभळीखाली नागम्माने आपली म्हैस वेगळी बांधली होती. नवऱ्यामागे तिला तेवढाच आधार. म्हैस नुकतीच व्यालेली, कास नितळ. पाणीसुद्धा नागम्मा वेगळ्या घमेल्यात पाजी.

"हिला कशाला, आप्पा? हिला काय बी झालं न्हाय."

"न्हाय झालं तवाच लावायचं, पोरी. आईचा मान चुकवू नये."

नागम्मा क्षणभर म्हशीच्या आड उभी राहिली. मग वडीलधाऱ्याचा शब्द मोडवेना म्हणून बाजूला सरली.

थोड्याच दिवसांत त्या नितळ कासेवर फोड आले. प्यायला आलेल्या वगारीला म्हैस लाथेने लोटी. नागम्माने बोळ्याने दूध पाजून पाहिले. वगार जगली नाही.

नळदुर्गहून गुरांचे डॉक्टर आले. सड पाहून झाल्यावर त्यांची नजर कल्याणप्पांच्या अंगठ्यावर थांबली. तिथेही तसाच फोड होता. आप्पांनी तो देवीचा प्रसाद मानला होता.

"आप्पा, हा रोग हातानं पसरतो," डॉक्टर हळूच म्हणाले. "आजारी म्हशीला लावलेला हात न धुता चांगलीला लावायचा नसतो."

संध्याकाळी कल्याणप्पा बाभळीखाली गेले. नागम्मा पदर घेऊन उठली.

"पोरी, तुझी वगार माझ्या हातानं गेली."

"असं बोलू नये, आप्पा. तुमी लेप लावला म्हणून म्हैस तरी हाय." तिने म्हशीचे दावे आखडून धरले. "आज बी हात ठेवा की हिच्यावर."

कल्याणप्पांनी हात उपरण्यात ओढून घेतला. नागम्मा दावे धरून वाट पाहत उभीच होती.