फणीचा एक दात

लहान मुलीची एक रबरी चप्पल. औषधाच्या खोक्याचा, चार घड्या घातलेला पुठ्ठा. डोळे मिटून उभा असलेला माणूस. लाल बटण. शाबासकीची वाट पाहणारी एक बाई.

मित्रांनो, हे सगळं माझ्याच गोष्टीतलं आहे. मी एक जुना सरकता जिना आहे. सरकारी दवाखान्यात माणसांना डोळ्यांच्या विभागाकडे वर नेतो. बावीस वर्षं चढतोय, पण तळमजला काही सुटलेला नाही.

कारखान्यात माझ्या पायऱ्या एकेक करून साखळीत जोडल्या, तेव्हा मी चकाकत होतो. सुरुवातीला लोक उगाचच वर-खाली करायचे. मग त्यांना माझी सवय झाली. आता मी बंद पडलो तरच माझी आठवण निघते, तीही शिव्यांसकट.

माझ्या वरच्या टोकाला एक फणी आहे. पायऱ्या आत शिरताना तिचे दात त्यांच्या खाचांतून फिरतात आणि कुणाचं पाऊल आत जाऊ देत नाहीत. त्या फणीचा एक स्क्रू सैल झाला. प्रत्येक पायरीला टक्. दिवसभर टक्. वरच्या सिस्टरांचं डोकं उठलं. तेव्हा झाडलोट करणाऱ्या मावशींनी दुपारी मी थांबलेलो असताना फणीखाली पुठ्ठा सरकवला. आवाज गेला. सिस्टरांनी मावशींना चहा पाजला. पण पुठ्ठ्यामुळे फणीचे दात वर उचलले गेले होते, एक तर तुटलाच होता. हे फक्त मला ठाऊक होतं, आणि मला तोंड नाही.

मी महिन्याच्या तपासणीकडे डोळे लावून बसलो. तपासणीला येणाऱ्या मिस्त्रींची एक पद्धत होती. दवाखाना उघडण्याआधी ते एकटे माझ्यावरून डोळे मिटून वर जायचे. जिथे आवाज येईल तिथलीच झाकणं उघडायची. त्यांच्या कानाचा सगळीकडे दबदबा होता.

त्या सकाळी ते वर निघाले. खाली दाराबाहेर रांग लागली होती. रांगेत सर्वांत पुढे डोळ्याला पट्टी बांधलेले एक आजोबा होते. त्यांची नात नव्या चपला घालून त्यांचं बोट धरून उभी होती. दार उघडायला चार मिनिटं होती. मिस्त्री फणीवरून उतरले. टक् झालं नाही. त्यांनी वहीत बरोबरची खूण केली.

"म्हातारा आज फारच शहाण्यासारखा वागतोय," ते म्हणाले.

मावशी तिथेच फडकं पिळत होत्या. त्यांना राहवलं नाही. "वागेल नाहीतर काय. तुम्ही येता महिन्यातून एकदा, मिस्त्री. याची टकटक मी बंद केली."

"कशानं?"

"पुठ्ठ्यानं."

मिस्त्रींनी वही खाली टाकली आणि लाल बटण दाबलं. मी जागच्या जागी थांबलो. इतकं बरं मला उद्घाटनालाही वाटलं नव्हतं.

फणी उघडल्यावर त्यांनी मावशींना जवळ बोलावलं आणि दातांखालची फट दाखवली. मावशींचा चेहरा उतरला. मिस्त्री त्यांना रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "चूक माझी आहे, मावशी. मी कान दिला, डोळे दिले नाहीत." वहीतली खूण त्यांनी खोडली. आता ते दर महिन्याला फणीचा एकेक दात बोटानं मोजतात, आणि मावशी शेजारी उभ्या राहून मोठ्यानं आकडे म्हणतात.

दोन दिवस मी बंद होतो. आजोबा नातीच्या आधारानं साध्या जिन्यानं चढले, कुरकुरत.

मित्रांनो, माझ्यासमोर 'बंद' अशी पाटी दिसली तर रागावू नका. आणि माझा आवाज आला तर तो बुजवू नका, कुणाला तरी सांगा. मला बोलण्यासाठी तेवढंच आहे.

ती रबरी चप्पल पुठ्ठा सरकवल्यानंतर, तपासणीच्या आठ दिवस आधी, माझ्या वरच्या टोकाशी सापडली होती. तिच्या पुढच्या बाजूला फणीच्या दातांच्या तीन खुणा होत्या, पण त्या कशाच्या हे न बघताच ती हरवलेल्या वस्तूंच्या खणात ठेवली गेली.